दान दिलेली शिकार : जायबंदी सैनिकांच्या सहली आणि त्यांचे कागद



विषय दूरच्या मुलखातला आहे. तो समजावून घ्यायचा तर आधी तिथली जमीन डोळ्यांपुढे आणली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेला टेक्सास नावाचे राज्य आहे. तिथे गुरे चारण्यासाठी राखलेली हजारो एकरांची कुंपणबंद राने असतात, त्यांना रँच म्हणतात. किंग रँच ही त्यांतली सर्वांत नावाजलेली, १८५३ साली सुरू झालेली. ती सव्वाआठ लाख एकरांची आहे. एवढ्या जमिनीत आपल्याकडचा एखादा तालुका सहज मावेल. सगळ्याच रँच इतक्या मोठ्या नसतात, पण पाचशे-हजार एकरांचा मालक तिथे काही बडा जमीनदार गणला जात नाही.

या रानांतून गुरांच्या जोडीने हरणे चरतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या त्या एका राज्यात पन्नास लाखांच्या वर आहे. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो, आणि शहरांतले हौशी लोक रँचमालकाला पैसे मोजून त्याच्या रानात शिकारीला जातात. आता यातले काही मालक असे असतात की, हंगामातले दोन-तीन दिवस ते विकत नाहीत. युद्धात हातपाय, डोळे किंवा मनाचे स्वास्थ्य गमावून आलेल्या सैनिकांना ते दिवस फुकट देतात. राहणे, जेवण, रानात नेणारा वाटाड्या, सगळे यजमानाचे. इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांत अमेरिकेचे ५२,००० हून अधिक सैनिक जखमी झाले. त्यांतले पुष्कळ जण उपचारासाठी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातल्या लष्करी रुग्णालयात आले. तिथेच २००७ साली कृत्रिम अवयव बसवून माणसाला पुन्हा चालते करण्याचे एक केंद्र उघडले, आणि त्यासाठी सुमारे सहा लाख सामान्य अमेरिकनांनी वर्गणी दिली. त्या शहरातून मोटारीने दक्षिणेला निघाले की थोड्याच तासांत काटेरी झुडपांचा आणि निवडुंगाचा तो शिकारीचा मुलूख लागतो. रुग्णालय आणि रान इतके जवळ असल्यावर दोहोंना जोडण्याची कल्पना कोणाला तरी सुचणारच.

आपल्यापैकी अनेकांना हे चमत्कारिक वाटेल. ज्याने रणांगणावर गोळी खाल्ली त्याच्याच हाती पुन्हा बंदूक द्यायची? पण त्या मुलखातली कितीतरी मुले बापाबरोबर वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून शिकारीला जात असतात. पाय गेल्यावर अशा मुलाला पहिली भीती वाटते ती हीच, की आपण आता त्या घोळक्यातून कायमचे उठलो. त्याला रानात नेणे म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जायबंदी माणसाला वारीच्या दिंडीत परत उभे करण्यासारखे आहे. प्राण्याला मारणेच ज्यांना मुळात मान्य नाही त्यांच्याशी वाद घालायला मी आलेलो नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी घातली, ती योग्यच आहे. टेक्सासची गोष्ट निराळी. तिथे लांडग्यांसारखे मोठे शत्रू जवळजवळ उरलेले नाहीत, आणि हरणे वाढून रान खाऊन टाकतात. म्हणून सरकारच मालकांना माद्यांची संख्या कमी ठेवायला सांगते. दान म्हणून दिलेली शिकार पुष्कळदा अशा माद्यांचीच असते. म्हणजे मालकाला जे करायचेच होते त्यातून दानही घडते. त्यात वाईट काही नाही. पाहुण्याला मोठ्या शिंगांच्या नराची आशा लावून मग मादी दाखवू नये म्हणजे झाले.

मी टेक्सासला गेलेलो नाही. पण तिथले कायदे आणि अर्जांचे नमुने सरकारने जाहीर केलेले आहेत, ते कोणालाही वाचता येतात. आणि कागद वाचणे हा माझा आयुष्याचा धंदा आहे. शाळा आठवीत सुटली. त्यानंतरचे माझे शिक्षण कामगारांचे अर्ज लिहिता-लिहिता झाले. तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. कुठलाही कागद हाती आला की पहिला प्रश्न विचारावा : हा कागद कोणाचे रक्षण करतो? सही ज्याची घेतली जाते त्याचे, की जो सही घेतो त्याचे? या शिकार-सहलींचे कागद मी हाच प्रश्न मनात धरून चाळले, आणि तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम जमीन आणि जनावर यांचा हिशेब. टेक्सासची सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. पण कायदा म्हणतो की रानातले जनावर राज्यातल्या जनतेच्या मालकीचे. हरीण जनतेचे, फाटक मालकाचे! म्हणून फाटक उघडायला मालकाची परवानगी लागते आणि हरीण मारायला सरकारचा परवाना लागतो. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.  जो मालक मोबदल्याशिवाय शिकारीला रान देतो, त्याला त्यासाठी सरकारकडून वेगळा परवाना लागत नाही. दानशूर मालकाचा एक कागद इथे वाचला. असे भाग्य पुढे फारसे लाभत नाही.

नियोजनाला सुरुवात करायची ती वसंतातच, म्हणजे आत्ता, या व्याख्यानमालेच्या दिवसांत. शिकारीच्या परवान्यांचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि १५ ऑगस्टपासून विक्री होते. त्याआधी रान ठरले पाहिजे आणि पाहुणे किती ते ठरले पाहिजे. इथे संयोजकाची पहिली परीक्षा असते. मालक उदार मनाने म्हणतो, ‘वीस जण आणा!’ संयोजकाने विचारावे, मचाणे किती आहेत? चाकांची खुर्ची वर जाईल अशी किती आहेत? प्रत्येक पाहुण्यामागे एक जाणता सोबती मिळेल काय? उत्तर पाचाचे आले तर पाचच न्यावेत. वीस जणांना नेऊन पंधरांना अंगणात बसवून ठेवले तर त्यात उपकाराचा देखावा तेवढा होतो.

पुढचा प्रश्न नावांचा. जखमी सैनिक कोण आणि कुठे, हे रुग्णालयाला ठाऊक असते. पण १९९६ च्या एका केंद्रीय कायद्याप्रमाणे रोग्याच्या माहितीची गुप्तता रुग्णालयाला पाळावी लागते. यादी मागितली तर मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरे. संयोजकाने निमंत्रण रुग्णालयात नेऊन द्यायचे. ज्याला यायचे असेल तो आपण होऊन नाव कळवील. मला हा कायदा फार आवडला. आपल्याकडे कारखान्यात अपघात झाला की जखमी माणसाच्या खाटेपाशी मदत करणाऱ्यांची आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची एकच झुंबड उडते. त्याला कोणी विचारीत नाही, की बाबा, तुला कोणाला भेटायचे आहे का?

ज्याने नाव कळवले तो खरोखर सैनिक होता काय, हे ‘डी. डी. २१४’ या नमुन्यावरून कळते. सेवेतून मोकळे होताना प्रत्येकाला मिळणारा हा दाखला. नोकरी, घरकर्ज, पेन्शन, अगदी दफनभूमीतली जागा, सगळीकडे हा कागद मागतात. त्याचे मोल किती, ते एका आगीने दाखवून दिले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस इथल्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली, आणि १६० ते १८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यांतल्या बहुतेक १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मोकळ्या झालेल्यांच्या होत्या. कोरियाच्या लढाईतला नव्वदीचा म्हातारा आज आला तर त्याच्यापाशी कदाचित त्याची स्वतःची प्रत तेवढी असेल. म्हणून हा दाखला पाहावा आणि परत द्यावा. त्याच्या नकला काढून खोकेभर ठेवू नयेत, कारण त्यावर माणसाची जी खाजगी माहिती असते ती चोराच्या उपयोगाची असते.

मग परवाना. टेक्सासचा रहिवासी असलेल्या सैनिकाचे सेवेमुळे आलेले अपंगत्व ५० टक्के किंवा अधिक असेल, किंवा एक पाय निकामी झाला असेल, तर त्याला शिकार आणि मासेमारीचा संयुक्त परवाना फुकट मिळतो. हे टक्के ठरवते ते माजी सैनिकांचे केंद्रीय खाते, आणि त्याचे पत्र दाखवावे लागते. माणसाच्या अंगाचे टक्के पाडणे आम्हां कामगारांना नवे नाही. आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के आणि दुसरा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४० टक्के असा भाव छापलेला होता. अंगठ्याशिवाय जोडारी करता येत नाही, म्हणजे जोडाऱ्याचे शंभर टक्केच गेले, हे त्या कोष्टकाला कळत नसे. अमेरिकेतही तेच. कानात अखंड घुमणारा आवाज, रात्रीची उडालेली झोप, गर्दीत छातीत भरणारी धडकी यांचे टक्के पाडताना खाते आणि सैनिक यांची वर्षानुवर्षे झोंबाझोंबी चालते.

याशिवाय २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा पाठ्यक्रम पुरा केल्याचा दाखला लागतो. तो नसेल तर सतरा वर्षांवरील माणसाला दहा डॉलर भरून एकदाच सवलत मिळते, पण परवानाधारक सोबती जवळ असावा लागतो. आंधळ्यांचीही सोय आहे. टेक्सासने २००७ साली अधिकृतपणे अंध ठरलेल्या शिकाऱ्याला किरणाचा ठिपका पाडणारे साधन बंदुकीवर लावण्याची मुभा दिली. शेजारी बसलेला डोळस सोबती ठिपका कुठे पडला ते कानात सांगतो आणि घोडा अंध माणूस ओढतो. वाचताना मी थक्क झालो. ज्या कायदेमंडळाने एवढा बारीक विचार केला त्याला शंभर गुन्हे माफ.

पाहुणा अजून सेवेत असेल, म्हणजे रुग्णालयात आहे पण मोकळा झालेला नाही, तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. अमेरिकेत सरकारी नोकराला त्याच्या पदामुळे मिळणाऱ्या भेटीवर मर्यादा आहे : एका वेळी २० डॉलर आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५०. तीन दिवसांची शिकार यात कशी बसायची? म्हणून २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर कर्तव्य बजावताना जखमी झालेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी एक वेगळे कलम केले गेले, त्याखाली त्यांना अशा भेटी घेता येतात. तरीही संयोजकाने भेट काय, किती मोलाची, कोणाकडून, हे आधी लिहून पाठवावे, लष्करातल्या वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि वरिष्ठांची रजा हाती पडल्यावरच पाहुण्याची जागा पक्की धरावी. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण तिथे ठाऊक नसेल, अनुभव मात्र आहे.

आता बंदुकीकडे येऊ. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने आणि त्यात झालेल्या दुरुस्त्यांनी काही माणसांना बंदूक बाळगण्याची मनाई केली आहे : गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, घरच्या माणसावर हात उगारल्याबद्दल दोषी ठरलेले, मनाने असमर्थ ठरवले गेलेले, आणि आणखी काही. यातल्या शेवटच्या शब्दांवरून मोठे रामायण झाले. मेंदूला मार बसलेल्या सैनिकाला पैशांचा व्यवहार जमत नसेल तर माजी सैनिकांचे खाते त्याची पेन्शन सांभाळायला एक विश्वस्त नेमते. विश्वस्त नेमला की खाते त्या सैनिकाचे नाव बंदूकबंदीच्या यादीसाठी पाठवीत असे. न्यायाधीश नाही, न्यायालयही नाही. दुधाचा हिशेब जमत नाही म्हणून बंदूक काढून घेतली, असा हा प्रकार. परिणाम उघड होता : गरज असलेले लोकही विश्वस्त मागायला घाबरू लागले. २०२४ च्या मार्चमध्ये खर्चमंजुरीच्या कायद्यात एक कलम घालून, न्यायाधीशाच्या हुकुमावाचून अशी नावे पाठवायला पैसा खर्च करण्याची मनाई झाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युद्धातून परतलेल्यांत आत्महत्या पुष्कळ होतात आणि त्यांत बंदुकीचा वाटा मोठा असतो, हे यादीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मनाई करायची तर ती माणूस तपासून करावी, त्याच्या बँकेचे पुस्तक तपासून नव्हे, असे माझे मत आहे.

संयोजकाने यात काय करावे? प्रत्येकाला ओळीत उभे करून ‘तुला कधी वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते काय?’ असे विचारू नये. मनाईची कलमे सोप्या भाषेत छापून घरी पाठवावीत, आणि शंका असलेल्याने एकाच ठरावीक माणसाशी खाजगीत बोलावे. ज्याला बंदूक धरता येत नाही त्यालाही दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन मचाणावर बसता येते. ती जागा आधीपासून यादीत ठेवलेली असली की कोणाला खुलासे द्यावे लागत नाहीत. विमानाने येणाऱ्याने स्वतःची बंदूक आणलीच तर ती रिकामी, कुलूपबंद, कठीण पेटीत, सामानात नोंदवून आणावी लागते. त्यापेक्षा रँचवरची बंदूक उसनी द्यावी. खेळापुरती तात्पुरती उसनी द्यायला केंद्रीय कायद्याची हरकत नाही, फक्त घेणारा मनाई असलेल्यांपैकी नसावा.

यानंतर येतो तो कागद, ज्याच्यासाठी मी मुख्यतः बोलायला उभा राहिलो. पाहुणा फाटकातून आत शिरण्याआधी त्याच्याकडून एका कागदावर सही घेतात. मला इजा झाली तर मी मालकावर दावा करणार नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे वडिलोपार्जित घरावरचा हिस्सा सोडताना बहिणींकडून जे हक्कसोडपत्र लिहून घेतात, त्याचाच हा भाऊ.

माझ्या ओळखीच्या एका कामगाराचा उजवा अंगठा यंत्रात गेला. त्या वर्षी मालकाने त्याला दिवाळीला मिठाईचा डबा आणि मुलांना कपडे दिले, आणि त्याच वेळी एका छापील कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. कागद ‘सर्व देणे पावले’ असा होता. तो कागद रद्द करून घ्यायला आम्हांला तीन वर्षे लागली. तेव्हापासून भेटवस्तू आणि सही एकाच हाताने पुढे आली की माझे कान टवकारतात.

म्हणून टेक्सासचा कायदा मी बारकाईने पाहिला. दोन गोष्टी आढळल्या. पहिली अशी की, मालकाला मुळात या कागदाची वाटते तेवढी गरज नाही. त्या राज्याच्या दिवाणी संहितेच्या ७५ व्या प्रकरणाप्रमाणे, जो मालक करमणुकीसाठी लोकांना फुकट रानात येऊ देतो त्याच्यावर सुरक्षिततेची जबाबदारी फार थोडी असते. आगंतुकाबद्दल असते तेवढीच. शेतजमिनीवर अल्प शुल्क घेणाऱ्यालाही ठरावीक मर्यादेपर्यंत हेच संरक्षण आहे. मात्र धडधडीत बेपर्वाई केली किंवा मुद्दाम इजा केली तर सुटका नाही. मचाणाची पायरी कुजलेली आहे हे ठाऊक असून, कृत्रिम पायाच्या माणसाला वर चढवणाऱ्याने या प्रकरणाच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट तर आम्हां कामगारांनी चौकटीत बसवून भिंतीला लावावी अशी आहे. टेक्सासच्या वरिष्ठ न्यायालयाने १९८७ आणि १९९३ सालच्या दोन निकालांत नियम घालून दिला, की स्वतःच्याच निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून कोणाला आधीच सुटायचे असेल, तर ते कागदावर स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे आणि वाचणाऱ्याच्या नजरेत भरेल असे लिहिले पाहिजे. मुंगीएवढ्या अक्षरांत आठव्या पानावर दडवलेले कलम चालणार नाही. हे दोन्ही खटले व्यापारी कंपन्यांमधले होते. पण कायद्याची धार एकदा लागली की ती सर्वांच्या उपयोगी पडते.

तेव्हा संयोजकाने हा कागद घ्यावा, पण सभ्यपणे घ्यावा. तो दोन आठवडे आधी घरी पाठवावा. फाटकाशी, मोटार सुरू असताना, मागे पाच जण ताटकळत असताना सही मागणे म्हणजे सही हिसकावणे होय. ज्याच्या मेंदूला मार बसला आहे त्याला तो पत्नीबरोबर किंवा वकिलाबरोबर वाचता यावा. छायाचित्रे छापण्याची संमती याच कागदात गुंडाळू नये; तिचा कागद वेगळा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही जेवणाच्या पंगतीत तेच ताट. जळलेल्या चेहऱ्याच्या माणसाला स्वतःचे चित्र वर्गणीच्या पत्रकावर पाहायचे नसेल तर तो त्याचा अधिकार आहे. प्रकृतीचा तक्ताही असाच. ‘काय झाले आहे?’ असे न विचारता ‘काय लागेल?’ असे विचारावे : किती उंच पायरी चढता येते, औषध थंड ठेवावे लागते काय, रात्री दिवा लागतो काय, सोबत कुत्रा आहे काय, अचानक आवाजाचा त्रास होतो काय. एवढ्यावर सगळी व्यवस्था लावता येते.

आता मालकाचा कागद, म्हणजे कराचा. आपल्याकडे ‘८० जी’ची पावती म्हणून जी ओळखली जात आली, तशीच वजावट अमेरिकेत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीबद्दल मिळते. समजा, एका मालकाची तीन दिवसांची शिकार बाजारात पाच हजार डॉलरना जाते. त्याने ती एका नोंदलेल्या संस्थेमार्फत सैनिकांना फुकट दिली. त्याला वजावट किती मिळेल? सभागृहातले व्यापारी म्हणतील, पाच हजार. उत्तर आहे शून्य. १९६९ च्या करसुधारणेपासून तिथला कायदा असा आहे, की जमीन स्वतःपाशी ठेवून तिचा नुसता वापर फुकट दिला तर त्याची वजावट नाही. मालकाने स्वतः वाटाड्या होऊन तीन दिवस राबावे, त्या श्रमाचीही नाही. वजावट मिळते ती खिशातून संस्थेच्या कामासाठी झालेल्या खर्चाची : पाहुण्यांचे धान्य, जळण, आणि संस्थेच्या कामासाठी मोटार चालवली तर मैलाला १४ सेंट. हा १४ चा आकडा कायद्यातच लिहिलेला असल्याने १९९८ पासून हललेला नाही; पेट्रोलचा भाव मात्र संसदेला विचारून वाढत नाही. ज्याने संस्थेला मध्ये न घालता थेट ओळखीच्या सैनिकाला बोलावले त्याला एवढीही वजावट नाही, कारण व्यक्तीला दिली ती भेट, देणगी नव्हे.

हे मालकाला आधी सांगणे संयोजकाचे कर्तव्य आहे, आणि इथेच पुष्कळ ठिकाणी चालढकल होत असणार अशी मला दाट शंका आहे. मालक खूश व्हावा म्हणून ‘पाच हजारांची शिकार मिळाली’ अशी पावती लिहून देण्याचा मोह होतो. संस्थेने काय मिळाले तेवढेच लिहावे, किंमत लिहू नये. २५० डॉलर किंवा त्याहून अधिकच्या एका देणगीला संस्थेची लेखी पोच लागते, आणि ती विवरणपत्र भरण्याआधी हातात असावी लागते. तीच शिकार संस्थेने लिलावात विकून पैसा उभा केला तर घेणाऱ्यालाही बाजारभावाच्या वर जेवढे मोजले तेवढ्याचीच वजावट. सरळ आहे : ज्याला मोबदल्यात शिकार मिळाली त्याने दान किती केले? वरचे तेवढेच.

मला विचाराल तर हा कायदा मालकांना कठोर वाटला तरी त्याने एक काम चोख केले आहे. वजावटीच्या लोभाने शिकार देणारे त्याने गाळून टाकले, आणि उरले ते मनापासून देणारे.

तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मार्च २०१३ मध्ये माजी सैनिकांच्या खात्यात १२५ दिवसांहून अधिक काळ अडकलेले भरपाईचे अर्ज सहा लाख अकरा हजारांवर गेले होते. ती संख्या पुढे पुष्कळ खाली आली, पण त्या वर्षी ज्याचा अर्ज त्या ढिगात होता, त्याला कोणा अनोळखी रँचमालकाकडून शिकारीचे निमंत्रण पेन्शनच्या आधी पोचले असेल. दान घोड्यावर बसून आले आणि हक्क पायी निघाला. मालकाचा यात दोष नाही. पण त्या तीन दिवसांत शेकोटीभोवती बसल्यावर पाहुणे एकमेकांशी बोलतात ते बहुधा हरणांबद्दल नसेल. कोणाचा अर्ज कुठे अडला, कोणत्या डॉक्टरचे पत्र चालले, अपील किती दिवसांत करावे लागते, हेच असेल. आमच्या युनियनच्या कचेरीत चहाच्या वेळी हेच चालते. शहाण्या संयोजकाने अशा सहलीला एक अर्ज जाणणारा माणूस मुद्दाम न्यावा. त्याने भाषण करू नये. शेकोटीपाशी नुसते बसावे.

रानातले काम एका दमात सांगतो. पहिल्या दुपारी सर्वांनी निशाणावर गोळ्या झाडून बंदूक पारखून घ्यावी. आवाजाचा त्रास कोणाला होतो ते तिथे कळते आणि मचाणावरची फजिती टळते. पहाटे आणि सांजेला हरणे झुडपांतून पाडलेल्या सरळ वाटांवर मका खायला येतात. तिथे मका टाकून शिकार करणे कायदेशीर आहे, आणि चालता न येणाऱ्याला ते सोयीचे पडते. रँचला पाटी नसते, फाटकाला आकडी कुलूप असते. म्हणून फाटकाचा आकडा, रस्त्याच्या खुणा आणि जवळच्या रुग्णालयाचे अंतर लिहिलेला कागद प्रत्येक सोबत्याच्या खिशात असावा. दारू बंदुका कुलपात गेल्यानंतरच; माझ्या हाती असते तर ती मुळीच ठेवली नसती.

हरीण पडले की कागद पुन्हा सुरू होतात. परवान्याला जोडलेली चिठ्ठी तिथल्या तिथे तारीख टाकून हरणाला बांधायची आणि परवान्यामागे नोंद करायची. ज्या मालकाने सरकारच्या हरीण-व्यवस्थापन योजनेत नाव घातले आहे त्याच्याकडे स्वतःच्या चिठ्ठ्या असतात, तिथे पाहुण्याची चिठ्ठी खर्च होत नाही. या योजनेत हंगामही लांब असतो, फेब्रुवारीअखेरपर्यंत चालू शकतो. २०१२ पासून त्या राज्यात हरणांचा एक असाध्य मेंदूरोग सापडू लागला आहे, त्यामुळे काही भागांत डोक्याचा नमुना तपासायला द्यावा लागतो आणि हाडे-मणका कुठे टाकावा यालाही नियम आहेत. मांस पाहुण्याचे. ते त्याने शेजाऱ्याला किंवा गरिबांच्या अन्नछत्राला द्यावे, विकता येत नाही. देताना मात्र सोबत एक चिठ्ठी लागते : देणाराचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक, काय दिले, केव्हा आणि कोणत्या रँचवर मारले. मस्तक भरून भिंतीवर लावायचे असेल तर तो खर्च कोण करणार हे निमंत्रणातच लिहावे, कारण ज्याला शिकार फुकट मिळाली त्याला त्या कारागिराचे बिल परवडेलच असे नाही.

शेवटी फाईल. इजेबद्दल दावा लावायची मुदत टेक्सासमध्ये साधारण दोन वर्षांची आहे आणि कराची विवरणपत्रे साधारणतः तीन वर्षांपर्यंत तपासली जाऊ शकतात. तेव्हा हक्कसोडपत्रे, खर्चाच्या पावत्या आणि देणगीच्या पोचा तेवढा काळ कुलपात ठेवाव्यात. प्रकृतीचे तक्ते मात्र सहल संपली की ज्याचे त्याला परत द्यावेत, नाहीतर त्याच्यादेखत जाळावेत. शेकोटी पेटलेलीच असते.